मागल्या दाराची हाक

परळीत कपडे वाळत घालायचे तर आधी दोरी पुसावी लागते. ओलं फडकं मुठीत धरून दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायचं. फडकं काळं होतं, मग कपडे टाकायचे. थर्मलची, म्हणजे इथल्या वीजकेंद्राची, राख हवेत दिसत नाही, पांढऱ्या पातळावर मात्र दिसते. आमचे हे, शहादेव, थर्मलच्या कोळसा विभागात होते. पाळी संपवून घरी आले की पापण्यांवर काजळ घातल्यासारखी रेघ असायची. मी म्हणायची, नवरीसारखे दिसता. ते हसायचे, तेव्हा त्यांचे दात फार पांढरे दिसायचे.

त्यांच्या पगारात आणि माझ्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या नोकरीत आम्ही हे घर बांधलं. पुढे ओटा, मधे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराचं दार मागच्या बोळात उघडतं. डाव्या हाताला शेजारच्या पारूबाईचं मागलं अंगण, समोर कुणाचा तरी मोकळा प्लॉट. त्यात वेड्या बाभळी माजल्या आहेत आणि सगळी गल्ली तिथेच केर टाकते. या घरात आमचा समाधान रांगला, या घरातूनच ह्यांना शेवटचं बाहेर नेलं. मला मरेपर्यंत इथेच राहायचं होतं. माझं मागणं एवढंच होतं.

कान हळूहळू गेले. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग रेल्वेचा भोंगा. थर्मलची घरघर ऐकू येईनाशी झाली तेव्हा मला कितीतरी दिवस वाटत होतं की संचच बंद पडलेत. कानातलं यंत्र आणलं, ते सगळ्या आवाजांचा चिवडा करायचं आणि मधेच किंचाळायचं. ते डबीत गेलं. शेवटी माणसं गेली. पारूबाईचे ओठ वाचून मी भागवायची, पण ती दाताला मिसरी लावून बोलते, त्यामुळे अर्धं सुटायचं.

मग त्या उन्हाळ्यात कुकर जळाला. मी पुढच्या खोलीत वाचत बसले होते. पारूबाईने आणि तिच्या सुनेने, चैतालीने, दार बडवून बडवून शेवटी खिडकीतून हात घालून कडी काढली. मी मान वर केली तेव्हा त्या दोघी माझ्यासमोर उभ्या होत्या आणि खोलीत धूर होता.

समाधान चाकणला कंपनीत आहे, सून दीपमाला पिंपरीला शाळेत शिकवते. दोघंही लगेच आले. समाधान माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि एकेक शब्द सुटा करून बोलला.

“आई, बस झालं आता. तिकडे चल. हे घर काढून टाकू.”

“मी गेल्यावर काढ,” मी म्हणाले.

“तेच व्हायचं राहिलं होतं परवा.”

दीपमालाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “अहो, थांबा जरा. आई, तुमच्या फोनमध्येच सोय असते. आमच्या शाळेत एक मुलगी वापरते. वर्षावास संपेपर्यंत वापरून बघा. जमलं तर राहा इथे, कोण नेतंय तुम्हाला.”

समाधान मला म्हणाला, “तू स्वतः हो म्हणेपर्यंत मी तुला हलवणार नाही. पण एकदा हो म्हणालीस की माघार नाही.”

“मी कशाला हो म्हणते,” मी म्हणाले.

फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाचा एक कप्पा असतो. इतकी वर्षं फोन हातात असून मी तो कधी उघडला नव्हता. दीपमालाने तो उघडला. अक्षरं मोठी केली. फोन आला की मागचा दिवा लुकलुकेल असं केलं. दारावर थाप पडली, कुत्रं भुंकलं, नळ वाहता राहिला तर फोन थरथरून तसं लिहून दाखवेल, हेही केलं. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे समोरचं माणूस बोलेल ते पडद्यावर अक्षरांत उमटणार.

“तुमचं नाव कुणी घेतलं तरी फोन थरथरतो,” तिने मला बोलून, म्हणजे लिहून दाखवलं. “कोणतं नाव घालू?”

“सत्यशीला.”

“त्या नावाने तुम्हाला कोण हाक मारतंय? बाई घालते. आई घालते.”

पारूबाईला बोलावून आणलं. ती पदर खोचून फोनसमोर बसली, जणू फोटोच काढायचा आहे. तिने फोनकडे बघून सांगितलं, “बाई, तुमी बहिऱ्या व्हत्या ते लई बरं व्हतं. तोंडावर काय बी बोलता यायचं.” पडद्यावर उमटलं, ‘बाई, तुम्ही बहिऱ्या होत्या ते खूप बरं होतं. तोंडावर काहीही बोलता यायचं.’ फोन असाच होता. तो पारूबाईला शाळेत घालून आणायचा. मी मनातल्या मनात पुन्हा तिच्या बोलीत वाचायची. कित्येक वर्षांनी कुणी तरी मला टोमणा मारला होता आणि तो माझ्यापर्यंत पोचला होता. मी इतकी हसले की चैताली पाणी घेऊन आली.

समाधान आणि दीपमाला परत गेल्यावरचे दिवस चांगले गेले. भाजीवाल्याशी मी घासाघीस केली. दारावर थाप पडली की उठून दार उघडलं. दीपमाला संदेश पाठवायची, मी उत्तर लिहायची. फोनवर बोलणं मी कान गेल्यापासूनच सोडलं होतं. समाधानने एकदा लिहिलं, ‘मानलं तुला.’

मग एका दुपारी मला एक चाळा सुचला.

मी जन्मले पाटोद्याजवळच्या एका वाडीत. माझ्याआधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. अशा घरात पुढचं लेकरू जन्मलं की त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवायचे. ठेवणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. शेजारची एखादी बाई ‘कुनाचं लेकरू टाकलंय गं’ म्हणत ते उचलायची आणि आईने ते तिच्याकडून पसाभर ज्वारी देऊन विकत घ्यायचं. लेकरं नेणारं जे काही असेल त्याला वाटावं, हे टाकलेलं आहे, यात नेण्यासारखं काही नाही. नावही तसंच ठेवायचे. माझं नाव उकिरडी होतं. धर्मांतर झालं तेव्हा मी नुकती शाळेच्या वयाला आले होते. वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक मांजरा नदीच्या पाण्यात सोडले आणि परतीच्या वाटेवर मला सांगितलं, आजपासून तू सत्यशीला. शाळेत तेच नाव लागलं. उकिरडी कागदावर कधी आलीच नाही. ते नाव ज्यांच्या तोंडात होतं ती सगळी माणसं गेली. ह्यांनाही मी ते कधी सांगितलं नाही.

पण आई दिवेलागणीला दारात उभी राहून ‘उकिरडे, ये गं’ म्हणायची, तो स्वर माझ्या डोक्यात अजून शाबूत होता. कान गेले तरी तेवढा राहिला होता. ते नाव लिहिलेलं कसं दिसतं हे बघावंसं वाटलं. दीपमालाने नावं जिथे घातली होती तिथे मी गेले आणि बोटाने एकेक अक्षर दाबून ते खाली घातलं. दोन्ही रूपं घातली, नाव आणि हाक. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग काढायचं विसरले.

वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, आम्ही बायका दुपारी विहारात जमतो. वत्सलाबाई ग्रंथ वाचतात, बाकीच्या ऐकतात. मी मांडीवर फोन ठेवून वाचायची. त्या दिवशी वाचन ओळीमागून ओळ पडद्यावर चढत होतं आणि फोन एकदम थरथरला.

‘उकिरडे.’

खाली वाचन पुन्हा सुरू होतं. मी मान वर केली. वत्सलाबाईंचं बोट ओळीवर होतं. बायका भिंतीला टेकून ऐकत होत्या, एक जण पेंगत होती. कुणाच्या तोंडावर काही बोलल्याचं दिसत नव्हतं. मी मागे वळून पाहिलं. मागे विहाराचं दार उघडं होतं, चपला होत्या आणि ऊन होतं.

ग्रंथातलाच एखादा शब्द फोनने चुकीचा घेतला असेल, असं मी स्वतःला समजावलं. घरी येऊन ते पान काढून वाचलं. जवळपास जाणारासुद्धा शब्द त्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात अंबाडी निवडत बसले होते. फोन ओट्यावर होता. तो थरथरत थरथरत ओट्याच्या कडेपर्यंत सरकला तेव्हा माझं लक्ष गेलं.

‘उकिरडे. हायस का घरात?’

मी त्या ओळीकडे बघत राहिले. पारूबाईच्या ‘हाय’चं ‘आहे’ करणाऱ्या फोनने या ओळीला हात लावला नव्हता. जशी होती तशी लिहिली होती.

मी आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलं आहे. घाबरण्याआधी तपासावं, हे त्यांना सांगितलं ते स्वतःलाही सांगितलं. फोन पुढच्या खोलीत नेला, पडदा कोरा. मधल्या खोलीत नेला, कोरा. स्वयंपाकघरात आणला आणि मागल्या दाराशी धरला.

‘हायस का. हायस का.’

कडी काढून दार उघडलं. बोळात कुणी नव्हतं. केराच्या ढिगावर एक कुत्रं पाय ताणून झोपलं होतं. त्याचा कान एकदा हलला आणि ते उठून, शेपूट पायांत घालून, बाभळींत गेलं. पडदा कोरा होता. दार लावलं.

‘हायस की.’

त्याच दुपारी मी ते नाव यादीतून काढून टाकलं. फोनचं थरथरणं थांबलं. लिहिणं थांबलं नाही.

समाधानला सांगायचं तर काय सांगणार? त्याच्या कंपनीतल्या एकाच्या वडिलांना भास व्हायचे, त्यांना कुठे ठेवलं ते त्याने मला सांगितलं होतं. सोय बंद करायची तर पुन्हा बहिरी. दारावरची थाप कळणार नाही, आणि पारूबाई तोंड बंद ठेवणाऱ्यांतली नव्हती. दोन्हीकडून घर जात होतं. म्हणून मी फोन चालू ठेवला आणि गप्प बसले. फक्त दुपारी स्वयंपाकघरात बसणं सोडलं.

पण कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना. एके दिवशी पारूबाई ताक घेऊन आली. मी तिला मुद्दाम स्वयंपाकघरात नेलं, मागल्या दाराशी पाट दिला आणि फोन आमच्या दोघींच्या मधे ठेवला. तिला अक्षरओळख मीच करून दिली होती. वेळ लागतो, पण वाचते.

ती सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. “भाकरी थापायली का चिखल तुडवायली तेच कळंना...” मधेच थांबली. पडद्यावर तिच्या वाक्याखाली ओळ आली होती. तिने फोन डोळ्यांजवळ धरला आणि बोट फिरवत वाचलं. माझ्याकडे पाहिलं.

“हे मी न्हाई म्हनले, बाई.”

“माहीत आहे.”

“हे तुमचं नाव हाय व्हय?”

“होतं.”

तिने फोन खाली ठेवला, पालथा. तो मी सुलटा केला, नाही तर मला तिचं बोलणं कळलं नसतं.

“तुला ऐकू येतं का काही? आत्ता?” मी विचारलं.

ती पदराच्या टोकाला पीळ देत होती. “आत्ताचं काय इचारता. लई दिसापासून हाय. ऊन कलाया लागलं की असतंया. तुमच्या मागल्या दाराला.”

“किती दिवसांपासून?”

“तुमचे मालक गेले त्याच्या आगुदरपासून. तुमी बहिऱ्या व्हायला लागल्या ना, तवापासून.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“मी कावून सांगू? मला वाटायचं तुमीच कुनाला तरी बोलवायलाव.”

मला तिचं बोलणं कळलं नाही. मी पडद्यावर पुन्हा वाचलं. पुस्तकी मराठीत तेच होतं.

“म्हणजे आवाज कसा आहे, पारूबाई?”

तिने ताकाचं भांडं उचललं, रिकामं नव्हतं तरी उचललं, आणि पुढल्या दाराकडे निघाली. उंबऱ्यात वळून म्हणाली, “तुमच्यावानीच की. तुमचाच.”

त्यानंतर ती मागल्या अंगणात दुपारी बसेनाशी झाली.

मी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, अंघोळ करून, डोकं शांत ठेवून विचार केला. इतकी वर्षं मला हाक मारली जात होती आणि मी दाराच्या अलीकडे भाकरी थापत, चहा उकळत, ह्यांच्या गोळ्या मोजत होते. मला ऐकू येत नव्हतं म्हणून मी या घरात राहिले होते. आणि ऐकू यावं म्हणून मी सोय करून घेतली होती.

वर्षावास संपत आला. समाधानने लिहिलं, ‘पुढच्या रविवारी येतो. तुझं सगळं ठीक दिसतंय. तुला राहायचं असेल तर राहा.’ ते वाचून मला रडू आलं. वाटलं, आता एवढे दिवस काढले की झालं. तो आला की मागलं दार विटांनी बुजवून घ्यायचं. त्याला सांगायचं, उंदीर येतात.

शुक्रवारी मी पुढल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. ऊन कललं होतं, टाइल्सवर जाळीची सावली पडली होती. फोन मांडीवर होता. पुढल्या खोलीत आजवर कधी काही आलं नव्हतं.

‘उकिरडे.’

मी हलले नाही.

‘टाकून दिली व्हती न्हवं तुला?’

मधल्या खोलीचा पडदा वाऱ्याने हलतो तसा हलला. खिडक्या बंद होत्या.

‘टाकलेलं कुनाचं?’

मी ओठ घट्ट मिटले. बहिऱ्या माणसाला आपण बोलतोय की नाही हे कधी कधी कळत नाही. नकळत पुटपुटलं जातं. म्हणून आम्ही गळ्याला हात लावून बघतो. मी हात गळ्याला लावला. गळा शांत होता. नाडी तेवढी उडत होती.

पडद्यावर नवी ओळ आली.

‘ओ.’

गळा शांत होता.

‘ओ. हाय की. आले.’

मग काही आलं नाही. मी अंधार पडेपर्यंत तशीच गळ्याला हात लावून बसले.

शनिवारी मी धीर करून मागल्या दाराशी फोन धरला. कोरा. कित्येक दिवसांनी बोळ नुसता बोळ वाटला. पोळी लाटताना मला हलकं वाटत होतं. जे काही होतं त्याला जे हवं होतं ते मिळालं असेल आणि ते गेलं असेल, असं मी धरून चालले. संध्याकाळी समाधानचा संदेश आला.

‘आई, काल तुझ्याशी बोलून फार बरं वाटलं. किती वर्षांनी फोनवर बोललीस. तू आपणहून हो म्हणालीस तेच चांगलं केलंस.’

मी लिहिलं, ‘मी काल कुणाशी बोलले नाही. मी येणार नाही.’

त्याचं उत्तर आलं. ‘आता माघार नाही असं ठरलं होतं ना? उद्या गाडी घेऊन येतो. दीपमाला म्हणते, आईंचा आवाज तरुण झाल्यासारखा वाटला.’

मी पुन्हा लिहिलं. पुन्हा पुन्हा लिहिलं. माझे संदेश पोचल्याची खूण काही आली नाही.

रविवारी ते आले. मी पुढल्या खोलीत उभी होते, फोन छातीशी धरून. समाधान आत आला, त्याने चपला काढल्या आणि वाकून नमस्कार केला. माझ्या पायांपासून हातभर डावीकडे, जिथे मधल्या खोलीचं दार आहे, तिथे.

‘कशी आहेस आई?’

‘बरी हाय.’

मी म्हणाले, “समाधान, मी इथे आहे.” पडद्यावर ते आलं नाही.

‘सामान एवढंच?’

‘एवढंच.’

दीपमाला माझ्या शेजारून गेली. तिच्या केसांना नेहमीच्या तेलाचा वास होता. मी तिच्या तोंडासमोर उभी राहिले आणि शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तसा आवाज काढला. निदान छाती तरी तशी भरून आली. पडदा कोरा राहिला. तिने कपाळावर आलेली बट मागे सारली आणि ह्यांच्या फोटोवरची धूळ पदराने पुसली.

मी समाधानचा दंड धरला.

त्याने दुसऱ्या हाताने तिथे खाजवलं.

पारूबाई ओट्याखाली उभी होती. ती आत आली नाही. ‘जावा बाई, सुखानं राहा,’ ती म्हणाली, आणि फोनने पहिल्यांदाच तिची बोली सुधारली नाही. बोलताना ती मधल्या दाराकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नव्हती. ती जमिनीकडे बघत होती.

गाडीच्या काचांवर रस्त्याची राख बसली होती. मागच्या सीटवर दीपमाला वाकून कुणाचा तरी पट्टा लावत होती, मग शाल सारखी करत होती. काचेतून एवढंच दिसलं.

समाधान एकदा परत आत आला. त्याने गॅसची टाकी बंद केली, मागल्या दाराची कडी बघितली. मी हातातला फोन त्याच्यापुढे धरला. त्याने तो माझ्या हातातून घेतला, टेबलावरून उचलावा तसा, आणि खिडकीतून दीपमालाला दाखवला. ती काहीतरी म्हणाली. त्याने फोन पुन्हा खाली ठेवला, तेव्हा पडद्यावर तिचं वाक्य होतं.

‘राहू द्या तो. आता कशाला लागतो? हाक मारल्याबरोबर ओ देतात की.’

बाहेरून कुलूप लागलं.

घर आता माझं आहे. घर विकायचं कुणी बोलत नाही; चैताली गल्लीत कुणाला तरी सांगत होती ते मी खिडकीतून तिच्या ओठांवर वाचलं, की चाकणहून फोन येतो, म्हातारी तिकडे लई खूश आहे, जेवतेही चांगली. वीज अजून आहे. फोन खिडकीत असतो. नळ सोडला की तो लिहितो, पाणी वाहत आहे. रेल्वे गेली की लिहितो. म्हणजे फोन बिघडलेला नाही. मी रोज त्याच्यासमोर बसून काही ना काही बोलते. जुन्या मुलांची हजेरी घेते, आईच्या ओव्या म्हणते. पडदा कोरा.

परवा दुपारी मी फोन हातात घेऊन मागल्या दाराशी उभी होते. कलत्या उन्हात पारूबाई कितीतरी दिवसांनी मागल्या अंगणात डाळ पाखडत बसली होती, चैताली शेजारी केस विंचरत होती. मला फार एकटं वाटलं. दाराच्या फटीला तोंड लावून मी तिला हाक मारली, आशा काही नव्हती.

पडद्यावर अक्षरं उमटली.

‘पारूबाई. हायस का?’

मला इतका आनंद झाला की मी पुन्हा मारली. पुन्हा उमटली. फटीतून दिसलं, सूप तिच्या हातात थांबलं होतं. तिला ऐकू गेलं होतं. चैतालीने मान वळवून इकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

पारूबाईने तिच्या तोंडावर हात ठेवला. सांडलेल्या डाळीकडे न बघता ती उठली, सुनेला दंडाला धरून घरात घेऊन गेली, आणि दार लागण्याआधी ती जे म्हणाली ते फोनने स्वच्छ, शुद्ध मराठीत मला लिहून दिलं.

‘ओ देऊ नकोस. कुणी नाही तिथे.’